हातोडी कुणाच्या हातात

सुतारिणीला पहिला संशय आला तो कानाने.

सुतारीण म्हणजे हाडांची डॉक्टर. करवत, ड्रिल, हातोडी, स्क्रू अशी सगळी हत्यारं वापरतात म्हणून हाडांच्या डॉक्टरांना बाकीचे डॉक्टर सुतारच म्हणतात. कॉलेजात हाडांकडे वळलेली ती एकटीच मुलगी, त्यामुळे तिची झाली सुतारीण. ते नाव इतकं चिकटलं की लग्नात नवऱ्याच्या मित्रांनीही तिला त्याच नावाने हाक मारली आणि सासूबाईंनी, सून नक्की डॉक्टरच आहे ना, अशी हळूच चौकशी करून घेतली.

आता चाळिशी ओलांडल्यावर तिची एका फिरत्या फेलोशिपसाठी निवड झाली होती. वेगवेगळ्या गावांतले तीन डॉक्टर आणि परदेशातली तीन मोठी हॉस्पिटलं. प्रत्येक ठिकाणी काही दिवस राहायचं, ऑपरेशनं बघायची, प्रश्न विचारायचे आणि जे शिकलो ते घरी जाऊन कामाला लावायचं. तिच्या सोबतीला होते लंबू आणि गुरुजी. लंबू दाराच्या चौकटीखालून वाकून जाणारा, गुडघ्यांचा डॉक्टर; कुठल्याही गंभीर प्रसंगी त्याला विनोद सुचायचा. गुरुजी दोघांपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, मणक्याचे डॉक्टर. वाक्य बोलण्याआधी ते डोक्यात दोनदा तपासायची त्यांना सवय होती. 'उगाच वाकड्यात शिरू नये' हे त्यांचं धोरण, आणि ते त्यांना आयुष्यभर चांगलं फळलं होतं.

पहिलं हॉस्पिटल बरं होतं. दुसऱ्या हॉस्पिटलसाठी मात्र सुतारीण दिवस मोजत होती. तिथले मोठे सर म्हणजे खुब्याच्या सांध्यातलं शेवटचं नाव. खुब्याचा सांधा बदलताना धातूची एक वाटी हाडात ठोकून बसवावी लागते. हाड भक्कम असलं तर काळजी नाही. पण म्हातारपणी हाड खारी बिस्किटासारखं भुसभुशीत होतं. एक ठोका कमी पडला तर वाटी सैल राहते, एक जास्त पडला तर हाड तडकतं. असल्या हाडात वाटी बसवावी ती मोठ्या सरांनी. त्यांच्या ऑपरेशनची एक जुनी फिल्म सुतारिणीने इतक्या वेळा पाहिली होती की तिला ती तोंडपाठ होती. तीन दमदार ठोके, मग थांबणं, मग एक हलका. पुन्हा तीन, थांबणं, एक. घरी कणीक तिंबताना तिचा हातही कधीकधी त्याच तालावर चालायचा.

आणि आता प्रत्यक्ष सरांच्या हॉस्पिटलात, थिएटरशेजारच्या खोलीत पडद्यासमोर ती बसली होती. पाहुण्यांना आत सोडत नव्हते. जंतूंचा धोका नको, असं कारण होतं. पडद्यावर जखम दिसत होती, हातमोजे घातलेले हात दिसत होते. हात सफाईने चालले होते. वाटी बसवायची वेळ आली आणि पडद्यावरचं चित्र बदललं. कॅमेऱ्याऐवजी एक्स-रे दिसू लागला. काळ्या-पांढऱ्या सावलीत वाटी हळूहळू आत सरकत होती आणि स्पीकरमधून ठोक्यांचा आवाज येत होता.

टक-टक-टक-टक-टक. हलके, भरभर, एकसारखे.

सुतारिणीने कान टवकारले. "हे सर नाहीत," ती पुटपुटली.

"मग कोण? बाहेरून सुतार मागवला?" लंबू म्हणाला.

"गंमत नाही रे. ऐक ना. तीन ठोके, थांबणं, एक, असा सरांचा हात. हा दुसऱ्याच कुणाचा आहे."

"वयानुसार माणसाची पद्धत बदलते," गुरुजी म्हणाले. "माझीही बदलली."

गुरुजींचं म्हणणं काही चुकीचं नव्हतं. पण दुसऱ्या ऑपरेशनलाही नेमक्या त्याच वेळी कॅमेरा गेला आणि एक्स-रे आला. तिसऱ्यालाही तेच. मग मात्र सुतारिणीच्या मनात शंकेची पाल चुकचुकायला लागली. छेद घेताना पडद्यावर नुसते हातमोजे दिसतात, ते कुणाचेही असू शकतात. हातोडी मारताना अख्खा माणूस दिसतो. म्हणजे तेवढ्याच वेळी माणूस दिसू नये अशी कुणीतरी व्यवस्था केलेली होती.

मग ती सरांवर नजर ठेवायला लागली. सर सत्तरीच्या पुढचे, ताठ, मोजकं बोलणारे. पहिल्या दिवशी ओळख करून देताना त्यांनी कुणाशी हात मिळवला नव्हता, नुसती मान लववून ते लगेच ओपीडीत निघून गेले होते. तेव्हा वाटलं होतं, मोठ्या माणसाचा रुबाब. आता वाटलं, हात पुढे केला नाही तो का? कॉरिडॉरमधून जाताना त्यांचा उजवा हात कायम कोटाच्या खिशात. कॉफीच्या वेळी सगळे कॉफी घेत, सर घेत नसत. त्यांच्यामागे सावलीसारखा त्यांचा जावई. तोही हाडांचाच डॉक्टर, पन्नाशीला टेकलेला, रुंद खांद्यांचा, कुणाच्या डोळ्याला डोळा न देणारा. ऑपरेशनच्या यादीवर त्याचं नाव सरांच्या खाली, बारीक अक्षरात, 'मदतनीस' म्हणून.

सुतारिणीने मॅडमना गाठलं. मॅडम म्हणजे सरांची मुलगी, जावयाची बायको. सगळं हॉस्पिटल त्याच चालवत होत्या. पाहुण्यांचं स्वागतही पहिल्या दिवशी त्यांनीच केलं होतं.

"एक दिवस वॉश घेऊन, गाऊन-मोजे चढवून आत उभं राहता येईल का? नुसतं बघायला?"

"नियमात बसत नाही," मॅडम गोड हसल्या.

"पहिल्या हॉस्पिटलमध्ये उभं राहू दिलं होतं."

"म्हणूनच तिकडे इन्फेक्शन जास्त आहे," मॅडम म्हणाल्या. हसू तसंच होतं, फक्त डोळे त्यात सामील नव्हते. "आपल्याला पडद्यावर काही कमी दिसतंय का डॉक्टर?"

"नाही, दिसतंय सगळं," सुतारीण म्हणाली. नेमकं जे पाहिजे ते सोडून, हे तिने गिळलं.

त्या दिवशी फोनवर तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो शाळेत गणित शिकवायचा आणि बायकोचं बोलणं पेपर तपासल्यासारखं ऐकायचा.

"तू तिथं शिकायला गेलीस की चौकशीला?"

"अरे, पण पेशंटला फसवत असतील तर? सरांच्या नावावर माणसं कुठून कुठून येतात. आणि चाकू चालवणार दुसराच?"

"फसवतायत हे तुला कुणी सांगितलं?"

"कान सांगतो."

"कानाची साक्ष कोर्टात चालत नाही बाई. पेशंटला विचार की."

हे तिला पटलं. दुसऱ्या दिवशी ती व्यायामाच्या खोलीत गेली. तिथे एक आजी दोन दांड्यांना धरून पावलं टाकत होत्या. आठवड्यापूर्वीच त्यांचा खुबा बदलला होता. सुतारिणीने तब्येत विचारली, चाल बघितली, कौतुक केलं आणि मग हळूच म्हणाली, "ऑपरेशन कुणी केलं आजी?"

"कुणी म्हणजे?" आजींना प्रश्नच कळेना. "सरांनी! स्वतः, त्यांच्या हातांनी. सोन्याचे हात आहेत हो!"

म्हणजे खरंच कुठंतरी पाणी मुरत होतं. नुसत्या पाहुण्यांपासून नाही, पेशंटपासूनही लपवत होते.

जेवणाच्या वेळी तिने दोघांपुढे विषय काढला. "फेलोशिपच्या लोकांना कळवायला हवं."

गुरुजींनी चमचा खाली ठेवला. "काय कळवणार? ठोक्यांचा ताल चुकला? आपण पाहुणे आहोत. पाहुण्याने यजमानाच्या स्वयंपाकघरात डोकावू नये."

"स्वयंपाकघरात माणसं कापत असतील तरी?"

लंबूने या वेळी विनोद केला नाही. प्लेटमध्ये बघत तो म्हणाला, "सुतारीण, मला इथं वर्षभराची जागा मिळण्याची शक्यता आहे. मॅडम स्वतः म्हणाल्या. त्यांच्या हातात आहे. तू काय करायचं ते कर, पण खात्री झाल्याशिवाय नको. एवढंच."

त्याचं खरं होतं. खात्री करायची तर एकच माणूस होता. ती सकाळी सरळ सरांच्या ओपीडीत गेली आणि म्हणाली, "सर, आज तुमच्यासोबत बसू का?" मॅडमना विचारलंच नाही. सरांनी मान हलवून शेजारची खुर्ची दाखवली.

पहिलीच पेशंट साठीतली बाई, लंगडत आलेली. सोबतचा मुलगा बाहेर बाकावर थांबला होता. सरांनी डाव्या हातानेच तिला तपासलं, एक्स-रे उजेडाला धरला, सांधा बदलावा लागेल म्हणून सांगितलं. मग त्यांनी उजवा हात खिशातून काढला आणि टेबलावर बाईच्या समोर ठेवला.

हात थरथरत होता. बारीक, सतत, उंबऱ्यावरून जाताना कपातली कॉफी हिंदकळावी तसा.

"हा बघा माझा हात," सर म्हणाले. "याने मी आता ऑपरेशन करत नाही. तुमचं ऑपरेशन माझे जावई करतील. मी शेजारी उभा असेन, हाडाचा अंदाज घेऊन कुठं थांबायचं ते सांगेन. हे चालत नसेल तर तसं सांगा, मी दुसरा चांगला डॉक्टर सुचवतो. वाईट वाटून घेणार नाही."

बाईने हाताकडे बघितलं, सरांकडे बघितलं. "तुम्ही असणार ना तिथं?"

"असणार. पण करणार जावई."

"मग झालं तर. तुम्ही आहात म्हणजे तुम्हीच केल्यासारखं."

"नाही, तसं नाही. करणार ते. पुन्हा सांगतो..."

सरांनी पुन्हा सांगितलं, शब्द न शब्द तेच, अजिबात न चिडता. बाई मान डोलावत राहिली. उठली, दार उघडलं आणि बाहेरच्या मुलाला मोठ्या आवाजात म्हणाली, "काही काळजी नाही रे. सर स्वतः करणार आहेत!"

सर हसले. या हॉस्पिटलात आल्यापासून पहिल्यांदाच तिने त्यांना हसताना पाहिलं. "बघा. असं आहे. दोनदा सांगतो, लिहूनही देतो. माणसाला ऐकायचं तेच ऐकू येतं."

सुतारिणीला व्यायामाच्या खोलीतल्या आजी आठवल्या. कुणाला चोर समजून बसलो होतो आपण!

"तुम्हाला मात्र बरं, पहिल्याच दिवशी माझ्या मुलीने सांगून टाकलं," सर पुढच्या पेशंटची फाईल ओढत म्हणाले. "डॉक्टरांना एकदाच सांगावं लागतं."

सुतारीण काही बोलणार तोच पुढचा पेशंट आत आला. पण तिच्या डोक्यात एक चाक फिरलं होतं ते थांबेना. पहिल्या दिवशी कुणी काहीही सांगितलं नव्हतं. मॅडमनी हॉस्पिटलचा इतिहास सांगितला, खाटा सांगितल्या, सरांच्या हजारो ऑपरेशनांचे आकडे सांगितले. हात? शब्दसुद्धा नाही. म्हणजे लपवलं होतं, पण सरांनी नाही. सरांच्याही पाठीमागे.

ओपीडी संपायच्या आत मॅडमचं बोलावणं आलं. आता हसू नव्हतं.

"आपण न विचारता ओपीडीत बसलात."

"सरांना विचारलं होतं. मॅडम, तुम्ही आम्हाला का नाही सांगितलं?"

मॅडमनी कसलाही आव आणला नाही. दार लावलं आणि म्हणाल्या, "कारण तुम्ही बाबांचं नाव ऐकून येता. दरवर्षी असे पाहुणे येतात, त्यांच्यामुळे जगभर नाव राहतं, नावामुळे पेशंट येतात. उद्या कळलं की बाबा नुसते उभे असतात, तर फेलोशिपवाले दुसरं हॉस्पिटल शोधतील. बाबांना वाटतं, सगळं सांगून टाकलं की माणूस मोकळा. हॉस्पिटल त्यांना नाही चालवायचं, मला चालवायचंय."

"आणि तुमच्या यजमानांना हे चालतं? दुसऱ्याच्या नावाखाली राबायला?"

"त्यांना विचारा की." मॅडम थांबल्या. "पेशंटशी आम्ही खोटं बोलत नाही डॉक्टर. तुमच्याशी काय बोलायचं हा आमचा प्रश्न. तुमचे मित्र समजूतदार आहेत. त्या उंच डॉक्टरांचं तर आम्ही मनावरही घेतलं होतं."

'होतं' या शब्दावर त्यांनी जरा वजन दिलं.

जावई जिन्यात भेटला, जणू वाटच बघत होता. सुतारिणीने विचारायच्या आधीच म्हणाला, "पाहुण्यांना खरं सांगायचा विषय मी दोनदा बायकोकडे काढला होता. दोन्ही वेळा घरी, जेवताना. तिथंच चुकलं. आमच्या घरी जेवताना हॉस्पिटलचं बोललं की भाजी थंड होते आणि वातावरण गरम." मग खाली बघत म्हणाला, "सासऱ्यांना कळलं तर त्यांना लागेल. लेकीवर फार जीव आहे त्यांचा."

"आणि नाही कळलं तर?"

जावई दोन-दोन पायऱ्या चढत वर निघून गेला.

सुतारीण दिवसभर घालमेलीत होती. गप्प बसलं तर काही बिघडत नव्हतं. पेशंट बरे होत होते, त्यांना खरं सांगितलं जात होतं. पण ज्याच्याकडून शिकायला आलो तो एक आणि प्रत्यक्ष ज्याच्याकडून शिकतोय तो माणूसच वेगळा, हे तिला गिळवेना. आणि सकाळी थरथरता हात उघडा टेबलावर ठेवणाऱ्या माणसाला त्याच्याच घरात अंधारात ठेवायचं, आणि त्यात आपणही सामील व्हायचं? संध्याकाळी ती त्यांच्या खोलीत गेली आणि एका दमात बोलून मोकळी झाली.

"सर, आम्हाला तुमच्या हाताबद्दल कुणीच सांगितलं नव्हतं. ठोकायच्या वेळी पडद्यावर एक्स-रे लावतात. आम्हाला वाटायचं, तुम्हीच करताय."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत आभार नव्हते. संशय होता.

"तुम्ही स्वागताला उशिरा आला होतात का?"

"नाही सर."

"मग तुम्ही ऐकलं नसेल. माझी मुलगी असं करणार नाही." त्यांनी फोन उचलला. "बोलावतो सगळ्यांना. समोरासमोर होऊ द्या."

मॅडम आल्या, जावई आला, गुरुजी आणि लंबू आले. सरांनी मुलीला विचारलं, "पाहुण्यांना पहिल्या दिवशी सांगितलं होतंस ना?"

"सांगितलं होतं बाबा," मॅडम म्हणाल्या. पापणीही लवली नाही. "यांच्या लक्षात राहिलं नसेल."

एका सरळ वाक्यात सुतारीण खोटी पडली होती. सर गुरुजींकडे वळले. गुरुजींनी घसा साफ केला, चष्मा काढला, पुसला. "पहिल्या दिवशी प्रवासाचा शीण होता... बरंच काही सांगितलं गेलं... नेमकं आठवत नाही बुवा." वाकड्यात न शिरण्याची त्यांची वाट तशी सरळच होती.

जावई भिंतीकडे बघत होता. राहिला लंबू. मॅडमनी त्याच्याकडे बघितलं, अगदी सौम्यपणे, त्याची ती वर्षभराची जागा आताच हातात ठेवल्यासारखं. सुतारिणीने मान खाली घातली. त्याला दोष द्यायचा नाही, असं तिने मनोमन ठरवूनही टाकलं.

"नाही सांगितलं सर," लंबू म्हणाला. "हाताचं एक अक्षरही नाही. मी पुढच्याच खुर्चीत होतो, पाय पसरायला जागा म्हणून."

मग जावई भिंतीकडे बघतच म्हणाला, "खरं आहे त्यांचं."

सर खुर्चीत जरा खचले. मुलीला एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं मॅडमच्या चेहऱ्यावर दिसत होतं. शेवटी ते जावयाला म्हणाले, "उद्या कॅमेरा बंद होणार नाही. आणि या तिघांना आत घे. यादीवर तुझं नाव वर लाव."

"बाबा, तुमचं नाव..."

"खाली लाव. जेवढं करतो तेवढ्याला शोभेल असं."

दुसऱ्या दिवशी सुतारीण वॉश घेऊन टेबलाशी उभी होती. सर पेशंटच्या डोक्याशी उभे, हात छातीशी बांधलेले, डोळे मिटलेले. जावयाने हातोडी घेतली. एक हात वाटीच्या दांड्यावर, दुसऱ्याने ते हलके, भरभर ठोके. "भुसभुशीत हाडाला दमदार ठोका सोसायचा तो फक्त सरांचा," तो म्हणाला. पहिल्यांदाच तिच्या डोळ्याला डोळा देऊन. "बाकीच्यांना त्याला पटवावं लागतं. इथं बोट ठेवा. कळतंय?"

तिने हाडाच्या कडेवर बोट ठेवलं. प्रत्येक ठोक्याला बारीक थरार यायचा आणि दर वेळी तो आधीपेक्षा घट्ट व्हायचा. मग आवाज बदलला, पोकळ होता तो भरीव झाला. त्याच क्षणी सरांनी डोळे न उघडता बोट वर केलं. जावई थांबला. सुतारीण जे शिकायला इतक्या लांब आली होती ते तेवढंच होतं, आणि ते शिकवायला दोन माणसं लागत होती. उरलेले दिवस तिने दोघांना प्रश्न विचारून भंडावून सोडलं.

मॅडम तिच्याशी पुन्हा बोलल्या नाहीत. निरोपाच्या दिवशी त्या आल्याही नाहीत. सर आले. त्यांनी हात पुढे केला, थरथरता, तसाच. तिने तो दोन्ही हातांत धरला.

"तुमच्यावर फार राग आला होता," ते म्हणाले. "अजून थोडा आहे. ये... या परत."

तिसऱ्या हॉस्पिटलच्या गावी जायला ते स्टेशनवर आले, तेव्हा गुरुजी सामानापाशी बसून, आपल्याला खरंच आठवत नव्हतं, हे तिसऱ्यांदा समजावत होते. लंबूची जागा अर्थातच गेली होती. सकाळीच दोन ओळींचा निरोप आला होता. सुतारीण त्याच्या शेजारी जाऊन बसली.

"का रे बोललास? मी काही म्हटलं नसतं."

"तू म्हटलं नसतंसच," लंबू म्हणाला. "पण म्हातारा माझ्याकडे कसा बघत होता पाहिलंस? गुरुजींनी टाळलं तेव्हाच त्याला खरं काय ते कळलं होतं, आणि त्याला वाटत होतं मीही खोटं बोलणार. पक्की खात्री होती त्याची. मला तेच सहन झालं नाही." त्याने पाय लांब पसरले. "आता घरी काय सांगू ते बघ. बायकोने तिकडे शेजारणीला कधीच सांगून टाकलंय, आम्ही वर्षभर परदेशात."

गाडी आली. गुरुजींनी स्वतःहून सगळ्यांत जड बॅग उचलली.